सहदेवची बढती

कोपरी, ठाणे
ता. १२ मार्च १९५२

तीर्थस्वरूप गोदूआक्कास,
धाकट्या सहदेवचा कृ. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुझे पत्र पोचले आणि आमसुलेही पोचली.

विशेष असे की मंदीच्या बातम्या ऐकून तू घाबरली आहेस, तसे घाबरण्यासारखे काही नाही. कापडाला उठाव नाही हे खरे. गिरणीच्या गोदामात तागे छताला लागले आहेत, तिसरी पाळी बंद झाली आणि पुष्कळांना कमी केले, हेही खरे. परंतु साहेबांना माणसाची पारख आहे. सांगायला संकोच वाटतो, पण मला त्यांनी हेड जॉबर केले आहे. आता मी साच्याला, म्हणजे मागाला, हात लावत नाही. मला स्टूल आहे. त्यावर बसून बाकीच्यांवर नजर ठेवायची असते. खिशाला पेन लावावे लागते. काल एकदोघांनी मला वाकून नमस्कार केला, ते मला आवडले नाही, पण जागेचा मान असतो.

या महिन्यात मनीऑर्डरीला उशीर होईल. नव्या जागेचे कागद वरून सही होऊन यायचे आहेत.

गावात एवढ्यात कुणाला सांगू नको. सांगितलेसच तर हेड हा शब्द विसरू नको.

माया आहे तशीच राहू दे, दुसरे मागणे नाही.

तुझा
सहदेव

•

कोपरी, ठाणे
ता. १४ मार्च १९५२

ती. स्व. वन्सं यांसी,
सौ. कलावतीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या बंधूंनी परवा तुम्हाला पत्र टाकले. पाकीट चिकटवायची खळ मीच करून दिली होती, त्यामुळे चिकटवण्याआधी ते वाचले. त्यात आमसुले पोचली एवढीच गोष्ट खरी आहे.

होळीच्या आधीच्या शुक्रवारी गिरणीने साचेखात्यातली चाळीस माणसे कमी केली. ह्यांचे नाव सातवे होते. मला त्यांनी सांगितले नाही. रोज भोंगा झाला की डबा घेऊन निघतात आणि संध्याकाळच्या भोंग्याला परत येतात. आमच्या चाळीची मालकीण ठमाबाई, तिची खाडीला मिठागरे आहेत. ती परवा दारात येऊन म्हणाली, "तुजा दादला मिठाच्या राशीमागं बसून जेवतो गं. सकालचे साडेनऊ. घरा त्याला उपाशी ठेवतेस काय?"

त्या दिवसापासून मी डब्यात एक भाकरी जास्त घालते. विचारत काहीच नाही. ते नुसते बसून नसतात, वन्सं. सदऱ्याच्या खिशात आंबिवलीचे तिकीट सापडले आणि चपलांचे तळ गेले आहेत. कल्याणपासून पुढे गिरण्यांची जेवढी म्हणून फाटके आहेत तेवढ्यांवर जाऊन विचारून आले असावेत. एवढे हिंडून घरी हसत यायचे आणि वर स्टुलाचे वर्णन करायचे, त्यांचे त्यांनाच पुष्कळ होत असेल.

तुम्ही आपले काही माहीत नाही असे दाखवा. तुमच्यासमोर कमीपणा येऊ नये म्हणूनच हे सगळे चालले आहे.

मोठेपणाने सांभाळून घ्यावे, ही विनंती.

तुमची
कलावती

•

पांगरवाडी, ता. संगमेश्वर
ता. १८ मार्च १९५२

चि. सहदेव यास,
गोदूआक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र काल आले. कुणाला सांगू नको असे तू लिहिलेस, पण ते अगदी शेवटी लिहिलेस. तोवर मी मोठ्याने वाचत होते आणि ओटीवर सात माणसे होती. हेड म्हणजे माणसे कामावर घेणारा, असा अर्थ शाळेच्या मास्तरांनी सांगितला. मग काय विचारतोस. ग्रामदेवतेला नारळ फुटला, आणि मी कधी नव्हे ती चार घरी स्वतःहून गेले.

शेजारचा विठ्ठल तर उठून उभाच राहिला. घरे शाकारण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नाही, पण वर्षातले दोन महिने कौले आणि बाकी दहा महिने तोंडाकडे बघणे, याला तो कंटाळला आहे. सहदेव हेड असताना मी इथे कशाला, म्हणाला. जमीन चुलतभावाला अर्धेलीने दिली, वाटखर्चाला शेळी विकली. परवा तो जयगडला बोटीत बसेल. सोबत त्याची दोरी आणि कोयता आहे. गिरणीत हे कशाला म्हणून विचारले, तर म्हणाला, हातात काही नसले की मला चालता येत नाही.

त्याला नीट कामाला लाव. त्याची बायको बायजा एकटी मागे राहिली आहे.

कागदपत्रे होतील तेव्हा होवोत. तू खुशाल आहेस, मला तेवढे पुरे.

तुझी
आक्का

•

पांगरवाडी
ता. २१ मार्च १९५२

चि. सौ. कलावतीस,
आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र आज मिळाले. विठ्ठलची बोट काल सुटली.

खोटे लिहिले ही चूक सहदेवची. मोठ्याने वाचले ही माझी. तुझी काही चूक नाही आणि निस्तरायचे तुलाच आहे. लहानपणी खोट्यासाठी मी त्याला एकदाच मारले होते. नंतर तो गप्प झाला आणि मीच रडत बसले, त्याचा हा परिणाम असावा.

मला खरे कधी सांगायचे ते त्याचे त्याला ठरवू दे. मी वाट बघेन. विठ्ठलला मात्र ताटकळत ठेवू नका. त्याने शेळी विकली आहे.

सांभाळून रहा आणि मला सगळे कळव.

तुझी
वन्सं

•

कोपरी, ठाणे
ता. ७ एप्रिल १९५२

ती. स्व. वन्सं यांसी,
कलावतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण घरात दोन माणसे असली की तिसरीला लिहायला जागा कुठे? विठ्ठलभावजी पाडव्याच्या आदल्या दिवशी आले. पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. हे सकाळी भोंग्याला हेड जॉबर होऊन निघत. भावजी म्हणत, मी पण येतो, स्टूल तरी बघू दे. हे म्हणत, भरती पाडव्यानंतर आहे. पाडवा झाला, तर म्हणाले रामनवमीनंतर. मी भावजींना खरे सांगायला दोनदा तोंड उघडले, पण दोन्ही वेळा हे पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये आले.

रामनवमीही झाली. दुसऱ्या दिवशी भावजी एकटेच गिरणीच्या फाटकावर गेले आणि हेड जॉबर सहदेवरावांना बाहेर बोलवा म्हणून पहारेकऱ्याला सांगितले. फाटकाबाहेर कमी केलेली माणसे रोज बसलेली असतात. त्यांनी भावजींना सरकून जागा करून दिली, चहा पाजला आणि सगळे सांगितले. सहदेव मिठागरावर सापडेल, तिकडे सावली बरी आहे, असेही एकाने सांगितले.

घरी येऊन भावजी जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी हे निघाले तेव्हा मागोमाग निघाले, आणि हे जिथे बसतात तिथे जाऊन शेजारी बसले. मग हे म्हणाले, "विठू, मलाच काम नाही रे. तुला कुठून देऊ?"

भावजी म्हणाले, "ते काल कळलं. आज डब्यात काय आहे?"

तेव्हा हे रडले, असे भावजी सांगतात. हे सांगतात की डोळ्यात मीठ गेले.

संध्याकाळी दोघे घरी आले आणि ह्यांनी मला सगळे सांगितले. मला आधीच ठाऊक होते म्हटल्यावर थोडे रागावले, मग जास्तीच्या भाकरीचा उलगडा झाला म्हणाले. त्या वेळी भावजी आत येईनात. अंगणात उभे राहून आमच्या चाळीच्या छपराकडे बघत होते. कौले सरकलेली, दोन ठिकाणी वासा उघडा. त्यांना ते बघवेना. सकाळी उठून बघते तर भावजी छपरावर. ठमाबाई चोर चोर म्हणून बाहेर आली, खाली उभी राहून थोडा वेळ बघत राहिली, मग चहा पाठवला. दुपारी तिने आपल्या भावाच्या, पंढरीशेटच्या घराचे कामही सांगितले. सगळ्या कोपरीत कौले आहेत, वन्सं, आणि शाकारणारी माणसे तर गिरण्यांत गेलेली.

हेही हाताखाली म्हणून वर चढले. ह्यांना उंचीची भीती वाटते हे लग्नाला बारा वर्षे झाली तरी मला ठाऊक नव्हते. छपराच्या अगदी माथ्यावर घोड्यावर बसावे तसे बसले आणि उतरायला तयार होईनात. ठमाबाईने खालून सांगितले, की वर बिऱ्हाड करायचे असेल तर त्याचे भाडे निराळे पडेल.

तुम्हाला खरे लिहा म्हणून मागे लागले आहे. लिहितो म्हणतात, पण सवडीने.

तुमचा आशीर्वाद पाठीशी असू द्यावा.

तुमची
कलावती

•

कोपरी, ठाणे
ता. १७ एप्रिल १९५२

तीर्थस्वरूप आक्कास,
सहदेवचा कृ. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. विठ्ठल कामाला लागला, काळजी नसावी. मीही त्याच्याबरोबरच असतो. माझी जागा आता पूर्वीपेक्षा उंच आहे. वरून खाडीपर्यंत सगळे दिसते. ऊन जरा लागते. लोक मान वर करून माझ्याशी बोलतात. कामात जोखीम आहे, परंतु तोल सांभाळला की काही होत नाही. पेन लावत नाही, कारण वाकल्यावर पडते.

सविस्तर मागाहून. लोभ उणा होऊ नये.

तुझा
सहदेव

•

पांगरवाडी
ता. २४ एप्रिल १९५२

चि. सहदेव यास,
आक्काचे आशीर्वाद वि. वि.

तुझी जागा उंच झाली हे वाचून आनंद झाला. कौले लावताना वळचणीपासून माथ्याकडे जायचे असते, आणि पाय वाशावर द्यायचा, दोन वाशांच्या मध्ये नाही. हेड जॉबरला हे ठाऊक असेलच.

मला सगळे पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. कलावतीला बोलू नको. ती नसती तर मी अजून देवाला नारळ फोडत बसले असते.

सहदेव, तू गिरणीत आहेस म्हणून मी तुला मोठा समजत होते असे तुला कुणी सांगितले? आईबाबांच्या मागे तुला मी वाढवले ते काय स्टुलावर बसवायला? मनीऑर्डर दोन महिने आली नाही याचे मला काही नाही. घरात भात आहे, परसात भाजी आहे. पण मनीऑर्डरीच्या कुपनावर तू दोन ओळी लिहीत असतोस, त्या आल्या नाहीत. पैसे हातात घेण्याआधी मी त्या वाचते, हे पोस्टमनलाही ठाऊक आहे. त्या ओळींसाठी खोटे लिहायची गरज नव्हती.

इकडचे सगळे ठीक. विठ्ठल नाही म्हणून काही अडलेले नाही. आपले घर शाकारायला मला एक माणूस मिळाला आहे. जरा वयस्क आहे, पण कामाला चोख. विठ्ठलला परत पाठवायची घाई करू नका.

आता पुढचे पत्र खरे लिही. तुझ्यावरचा जीव त्याने कमी होणार नाही.

तुझी
आक्का

•

कोपरी, ठाणे
ता. १८ मे १९५२

तीर्थस्वरूप आक्कास,
सहदेवचा कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा लिहिले. पहिल्या दोहोंत थोडी थोडी बढती राहून गेली होती.

मला ७ मार्चला कमी केले. तुला सांगायचा धीर झाला नाही. तुझे पत्र आल्यावर मी ते मिठागरावर नेऊन वाचले, कारण घरी वाचता आले नसते.

आता खरे ते असे. आम्ही सहाजण कौलांची कामे करतो. विठ्ठल आमचा म्होरक्या, मी त्याच्या हाताखाली, आणि चौघे आमच्याच साचेखात्यातले कमी झालेले. त्यांत रघु आणि दौलत घाटावरचे आहेत. त्यांच्या गावी घरांना मातीचे धाबे असते. कौल उलटे की सुलटे इथून विठ्ठलला सुरुवात करावी लागली. पण तुटलेला धागा बघता बघता जोडणारी बोटे आहेत, दोरी अशी बांधतात की विठ्ठलही दोनदा ओढून बघतो. कोपरी झाली, कल्याणला पाच घरे झाली, आता डोंबिवलीत आहोत.

डोंबिवलीचे एक सांगतो. हरिहरपंत म्हणून निवृत्त हेडक्लार्क आहेत, त्यांच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले होते. आम्ही वर आहोत हे पंत विसरले आणि खाली पाहुणे आहेत हे आम्हाला कुणी सांगितले नाही. तू लिहिलेस तेच मी चुकलो, पाय दोन वाशांच्या मध्ये दिला. गुडघ्यापर्यंत पाय बैठकीत आला, बरोबर पोह्यांच्या बशांवर. मुलाचा मामा उठून बाहेर पळाला. पंत माझ्या पायालाच विचारू लागले की हा काय प्रकार आहे. मुलीने तेवढी मान वर करून विचारले, "लागलं का हो फार?" बाकी कुणी विचारले नाही. मुलाने तिथल्या तिथे होकार दिला म्हणे. दुसऱ्या दिवशी पंतांनी आम्हाला वर पेढे पाठवले आणि कौलाबद्दल एक शब्द काढला नाही. पाय बरा आहे.

दुसरी बातमी. गिरणीच्या फाटकावर यादी लागली आहे. चाळिसांपैकी अकरा जणांना ९ जूनला परत बोलावले आहे. माझे नाव नववे. जागा पक्की नाही, बदली म्हणून. म्हणजे रोज फाटकावर जायचे, कुणी आला नसेल तर त्याच्या साच्यावर काम, नाहीतर परत घरी. तरी जाणार आहे. कौले काय, दोन महिन्यांची. विठ्ठलला विचारले, तुझी खटपट करू का. तो फाटकाशी उभा राहून आतला आवाज ऐकून आला आणि म्हणाला, इथे माणूस माणसाशी बोलतो कसा?

आपल्या घरी जो वयस्क माणूस काम करतो आहे त्याला माझा नमस्कार सांग.

चुकलो ते पोटात घाल.

तुझा
सहदेव

•

पांगरवाडी
ता. २२ मे १९५२

सौ. कलावतीवैनीस,
बायजाचा नमस्कार. अक्षर मास्तरांचे, बोलणे माझे.

ठाण्याला कळवायचे नाही अशी आक्कांनी शपथ घातली होती, म्हणून मी आठ दिवस गप बसले. आता त्या चिडतील तर चिडोत. आक्का छपरावरून पडल्या. तो वयस्क माणूस म्हणजे त्या स्वतःच. (हे मलाही ठाऊक नव्हते. मास्तर.) रोज उन्हे उतरली की चढायच्या आणि एकेक ओळ लावायच्या. वाडीत दुसरे करणार कोण? तरणे आहेत ते मुंबईला, आणि जे मागे राहिले ते चढण्यातले नाहीत. (हे माझ्याकडे बघून म्हणाली. मास्तर.)

पाय मोडलाय. वैद्याने बांबूच्या कांबी लावून बांधलाय. अर्धे छप्पर उघडे आहे. आक्का खाटेवर पडून मला वर चढ म्हणतात. मी चढले, चार ओळी लावल्या, पण माथ्याला माझा हात पुरत नाही. आमचे नि आणखी सहा घरांचे तसेच पडले आहे, आणि शाळेचेही. मृग आता पंधरा दिवसांवर.

आमच्या घरधन्याला सांगा, शेळी विकली म्हणून मी रागावले नाही. मला न विचारता विकली म्हणून रागावले आहे. यायचे तर लवकर या.

तुमची
बायजा

•

पांगरवाडी
ता. ३ जून १९५२

सौ. कलावतीस,
सहदेवचे आशीर्वाद वि. वि.

बोटी बंद झाल्यामुळे तीन एस्ट्या बदलून आलो. रघु आणि दौलत आमच्याबरोबर निघाले हे तू पाहिलेस. ते कोकण बघायला म्हणून आले आणि आल्यापासून त्यांनी छपराखेरीज काही पाहिले नाही.

मी पाया पडायला वाकलो तर आक्काने पायाला हात लावू दिला नाही, दुखतो म्हणाली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ उचलला नाही. नंतर ती म्हणाली, "मी वयस्क माणूस मिळाला असं लिहिलं होतं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं." मला आमच्या घराण्याची लिहिण्याची रीत कळली.

आता तिची खाट अंगणात आहे. ती खालून काठीने दाखवते आणि आम्ही लावतो. विठ्ठल एवढा कारागीर, पण तिच्यापुढे तोही दोनदा कौल उतरवून परत बसवतो. आमचे घर झाले, विठ्ठलचे झाले, आणखी चार झाली. बायजा दोन दिवस विठ्ठलशी बोलली नाही, जे काय ते मास्तरांकडून निरोपाने. तिसऱ्या दिवशी त्याने शेळी परत आणली, मग निरोप थांबले.

दोन घरे आणि शाळा राहिली आहे. मी ७ तारखेला निघतो, म्हणजे ९ ला फाटकावर असेन. आक्का म्हणते आजच जा. पण शाळेचे छप्पर मोठे आहे आणि माणसे चारच. पहिल्यांदाच या घरात मी कुणाच्या उपयोगाचा आहे असे वाटते आहे, तेव्हा एवढे करूनच येतो.

ठमाबाईला सांग, भाडे आल्यावर देतो.

तुझा
सहदेव

•

पांगरवाडी
ता. २४ जून १९५२

चि. सहदेव व चि. सौ. कलावती यांस,
आक्काचे आशीर्वाद वि. वि.

सहदेवचे पत्र काल आले. घाटात एस्टी बंद पडली, तू ९ च्या ऐवजी १० ला फाटकावर पोचलास आणि यादीत नवव्याचा अकरावा झालास, हे कळले. आठवड्यात दोनच दिवस काम मिळाले हेही कळले. मी तुला आधीच जा म्हणत होते, आणि तू गेला नाहीस याचे मला बरे वाटले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

शाळेत एक थेंब गळत नाही. मास्तर मुलांना रोज छपराकडे बघायला लावतात. विठ्ठल आता चुलतभावाच्या जोडीला भातलावणीला लागला आहे, दसऱ्यानंतर ठाण्याला येईन म्हणतो आणि या खेपेला बायजाला घेऊन. पुढच्या चैत्रात इथले आणखी तिघे तुमच्या टोळीत यायचे म्हणत आहेत. मी सगळ्यांना सांगून ठेवले आहे, आधी इथली घरे होतील, मग ठाण्याची. तुलाही तेच सांगते. गिरणीने तेव्हा पक्के केले असेल तर रजा काढून ये.

माझा पाय जमिनीला टेकतो. वैद्य म्हणतो श्रावणात चालेन.

तुझे पत्र या वेळीही मी ओटीवर मोठ्याने वाचले. यादीसकट, घाटासकट सगळे. कुणी हसले नाही. बदली म्हणजे काय असे एकाने विचारले. मास्तरांनी सांगितले, जो मूळचा आहे तो हजर नसला की त्याच्या जागी उभे राहून त्याचे काम करणारा. हे ऐकून बायजा माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिच्याकडे. मग मी म्हटले, असे असेल तर या वाडीत नांगरापासून छपरापर्यंत आम्ही सगळ्या बाया बदलीच आहोत. पंचवीस वर्षे झाली. पक्के करायला कुणी आले नाही, आणि काम एक दिवस थांबले नाही.

तेव्हा तू उद्या सकाळी फाटकावर जा, आणि मान वर ठेवून जा.

आहे तो जिव्हाळा वाढता असो.

तुमची
आक्का